आई परदेशात, कॅमेरा चालू

रविवारी हाँगकाँगच्या सेंट्रल भागातला चेटर रोड वाहनांसाठी बंद असतो. रस्त्यावर, पुलांखाली, बँकांच्या इमारतींच्या सावलीत पुठ्ठे अंथरून हजारो फिलिपिनो बायका बसलेल्या दिसतात. डब्यांतून पानसित आणि अदोबो हे घरचे फिलिपिनो पदार्थ निघतात, कुठे पत्ते रंगतात, कुठे नाचाची तालीम चालते, आणि मधूनच कुणीतरी फोनवर घरच्यांशी बोलत असतं. या शहरात जवळपास २ लाख फिलिपिनो घरकामगार आहेत. मालकाच्याच घरी राहायचं हा तिथला नियम, आठवड्यातून सुट्टी एक दिवस. सहा दिवस इंग्रजी किंवा मोडकीतोडकी कँटनीज बोलल्यावर रविवारी तागालोग, इलोकानो, सेबुआनो मोकळेपणी सुरू होतं. बसायच्या जागाही बऱ्याचदा गावाकडच्या ओळखीनुसार ठरलेल्या.

फिलिपिन्सनं १९७४च्या कामगार संहितेपासून परदेशी रोजगाराला सरकारी धोरणच बनवलं. सुरुवातीच्या काळात घराशी दुवा म्हणजे पत्रं, आणि कॅसेट. आई टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायची, कॅसेट पोस्टानं जायची, मुलांचा आवाज भरलेली कॅसेट कधीतरी परत यायची. मोबाइल आल्यावर स्वस्त एसएमएसचं वेड देशभर पसरलं, आणि नंतर इंटरनेटनं सगळंच बदललं.

हा बदल नेमका काय, हे मिर्का मादिआनू आणि डॅनियल मिलर या संशोधकांनी फार बारकाईनं पाहिलं. ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या फिलिपिनो आयांशी ते बोलले आणि फिलिपिन्समध्ये मागे राहिलेल्या मुलांशीही. २०१२ साली त्यांनी मांडलेल्या कल्पनेचं नाव ‘पॉलिमीडिया’. पूर्वी खर्च परवडेल तेच साधन वापरावं लागे. आता मेसेज, फोन, व्हिडिओ सगळं हाताशी असतं, म्हणून कोणतं निवडलं यालाच अर्थ येतो. फोन करता येत असताना नुसता मेसेज का पाठवला? रडून डोळे सुजलेत म्हणून आज व्हिडिओ नको, असंही असतं.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तासन् तास चालू ठेवलेला वेबकॅम. इकडे आई आपलं काम करते, तिकडे मूल गृहपाठ करतं, घरातली माणसं येत-जात असतात. बोलणं जवळजवळ नसतंच. मोठ्यांशी बोलताना वाक्यात ‘पो’ हा आदराचा शब्द घालायचा, थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणायचं, या गोष्टी मूल घरात वावरतानाच शिकतं. वेबकॅममुळे आईलाही त्या वावराचा भाग होता येतं. संस्कृती टिकवायला सणांचे कार्यक्रम लागतातच, पण माझ्या मते खरा भार हे रोजचं बिनकामाचं सोबत असणं पेलतं.

या संशोधनात मुलांची बाजू मात्र वेगळी निघाली. आपलं आईपण परत मिळालं असं अनेक आया सांगत होत्या. आई गेली तेव्हा जी मुलं थोडी मोठी होती आणि ज्यांचं तिच्याशी आधीपासून जमत होतं, त्यांना या संपर्काचा आधार वाटला. अगदी लहानपणी दुरावलेल्या काहींना तेच वारंवारचे फोन पाळतीसारखे वाटले, आणि बोलणं वाढलं तशी भांडणंही वाढली.

आणखी एक निष्कर्ष मला अस्वस्थ करतो. रोज बोलता येतं, दिसता येतं, म्हणून परतण्याचा निर्णय पुढे ढकलणं सोपं जातं. घराशी जोडून ठेवणारं हेच साधन आईला परदेशात आणखी काही वर्षं राहायला बळ देतं.