व्हॅलरी कोंडोस फील्ड

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला जिम्नॅस्टिक्समधील नामवंत प्रशिक्षक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेच्या, म्हणजे यूसीएलएच्या, महिला संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी १९९१ ते २०१९ असे सलग एकोणतीस हंगाम सांभाळले आणि या काळात संघाला सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळाली (१९९७, २०००, २००१, २००३, २००४, २०१० व २०१८). खेळाडूंमध्ये व प्रेक्षकांत त्या ‘मिस व्हॅल’ या नावाने ओळखल्या जातात.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत विलक्षण बाब अशी की, त्या स्वतः कधीही जिम्नॅस्ट नव्हत्या. त्यांचे शिक्षण बॅले नृत्याचे. सॅक्रामेंटो आणि वॉशिंग्टन येथील बॅले संस्थांमधून त्यांनी व्यावसायिक नर्तकी म्हणून काम केले होते. १९८३ मध्ये त्या यूसीएलएत आल्या त्या नृत्यदिग्दर्शक व सहायक प्रशिक्षक म्हणून. फ्लोअर एक्सरसाइज हा प्रकार संगीताच्या साथीने सादर होतो आणि बॅलन्स बीम या अरुंद, उंच पट्टीवरही उड्यांच्या जोडीला नृत्याच्या हालचाली लागतात, त्यामुळे संघाला नर्तकीची गरज होतीच. मात्र आठ वर्षांनी त्याच नर्तकीच्या हाती सबंध संघ सोपवला गेला, तेव्हा कोलांटउडी कशी शिकवायची हेही त्यांना ठाऊक नव्हते.

सुरुवातीचे हंगाम निराशाजनक गेले. यशस्वी प्रशिक्षक कठोरच असतात, असे मानून त्यांनी इतरांच्या दरडावण्याची नक्कल केली. अखेर खेळाडूंनीच बैठक बोलावून, त्यांचे बोलणे किती अपमानास्पद वाटते हे उदाहरणांसह त्यांना ऐकवले. हा प्रसंग त्यांनी स्वतः पुढे जाहीर व्याख्यानांतून सांगितला आहे. यानंतर उड्या व बार्सचे (वरखाली असलेल्या दोन दांड्यांवरील कसरतींचे) तांत्रिक शिक्षण जाणकार सहायकांकडे सोपवून खेळाडूंशी संवाद, नृत्यरचना आणि संघबांधणी ही कामे त्यांनी स्वतःकडे ठेवली. ही विभागणी पुढील यशाचा पाया ठरली, असे म्हणता येते.

ही विभागणी का यशस्वी झाली, हे समजण्यासाठी महाविद्यालयीन स्पर्धेचे स्वरूप पाहावे लागते. व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून घेतलेली उडी), अनइव्हन बार्स, बॅलन्स बीम आणि फ्लोअर अशा चार प्रकारांत प्रत्येक संघाच्या सहा मुली उतरतात व त्यांपैकी सर्वोत्तम पाच गुण धरले जातात. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सने २००६ मध्ये दहापैकी गुण देण्याची पद्धत सोडली. महाविद्यालयांनी ती टिकवली. परिणामी संघाची कमाल गुणसंख्या २०० राहते आणि विजय-पराजयातील अंतर अपूर्णांकात मोजले जाते. शिवाय येथे येणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी लहानपणापासून आखाड्यात घडलेली, कित्येकदा दुखापतींनी आणि पूर्वीच्या प्रशिक्षकांच्या धाकाने दमलेली असते. तिला नवे कौशल्य शिकवण्यापेक्षा तिचा खेळातला रस टिकवणे हेच मोठे काम असते, आणि त्यासाठी कोलांटउडी येण्याची अट नाही.

१९९७ पूर्वी एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे महिला विजेतेपद केवळ युटा, जॉर्जिया आणि अलाबामा या तीनच विद्यापीठांकडे फिरत होते. ती मक्तेदारी यूसीएलएने मोडली. २००० व २००१ च्या विजेत्या संघांत मोहिनी भारद्वाज ही भारतीय वडिलांची कन्या होती. महाविद्यालयीन कारकीर्द संपल्यावर पुन्हा सरावाला लागून तिने २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकी संघासोबत रौप्यपदक मिळवले.

सातवे विजेतेपद सर्वांत चुरशीचे ठरले. २०१८ मध्ये सेंट लुईस येथे गतविजेत्या ओक्लाहोमाशी लढत होती आणि यूसीएलएच्या वाट्याला शेवटची फेरी बॅलन्स बीमची आली. दहा सेंटिमीटर रुंदीच्या त्या पट्टीवर मागे पडलेल्या संघाने पुढच्याला गाठणे अवघडच. संघाची अखेरची खेळाडू कॅनडाची क्रिस्टीन ‘पेंग-पेंग’ ली होती. गुडघ्याच्या दुखापतीमुळे तिचे २०१२ चे लंडन ऑलिंपिक हुकले होते आणि महाविद्यालयातील पहिले दोन हंगामही वाया गेले होते. त्या रात्री बार्सवर आधीच पूर्ण दहा गुण मिळवलेल्या लीने बीमवरही दहा मिळवले. यूसीएलए १९८.०७५०, ओक्लाहोमा १९८.०३७५.

जगभर गाजलेला प्रसंग मात्र विजेतेपदाचा नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये अनाहाइम येथे केटलिन ओहाशी हिने फ्लोअरवर दहा गुण मिळवले आणि त्या सादरीकरणाची चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली. २०१३ च्या अमेरिकन कप स्पर्धेत सिमोन बाइल्सला मागे टाकणारी ही मुलगी दुखापती आणि शरीरयष्टीवरील टोमण्यांमुळे खेळाला इतकी विटली होती की, पुन्हा श्रेष्ठ खेळाडू व्हायचेच नाही, असे तिने विद्यापीठात आल्यावर मिस व्हॅल यांना सांगून टाकले होते. त्यांनीही तिच्यावर सक्ती केली नाही. चित्रफितीतले तिचे हसू पाहताना ही पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत नव्हती.

२०१४ मध्ये कोंडोस फील्ड यांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचार घेत असतानाही त्यांनी प्रशिक्षकपद सोडले नाही. अमेरिकी संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध पुढे आलेल्यांत जेमी डँट्झशर, कायला रॉस आणि मॅडिसन कोशियन या त्यांच्या शिष्याही होत्या. खेळाडूला मूक ठेवणाऱ्या प्रशिक्षणपद्धतीवर त्यांनी त्यानंतर उघडपणे टीका केली, आणि स्वतः सुरुवातीला त्याच वाटेने गेल्याची कबुली दिलेली असल्याने या टीकेला वजन आले.

२०१९ च्या अंतिम स्पर्धेत, फोर्ट वर्थ येथे, यूसीएलए तिसऱ्या स्थानी राहिले आणि कोंडोस फील्ड यांची कारकीर्द संपली. त्यांच्यानंतर त्यांचे सहायक, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये खेळलेले क्रिस वॉलर, मुख्य प्रशिक्षक झाले.