अतिदक्षता विभागातील स्नायुदौर्बल्य

गंभीर आजारात, विशेषतः बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेल्या रुग्णाच्या हातापायांत आणि श्वसनाच्या स्नायूंत येणारा लुळेपणा. रुग्ण दाखल होतो तेव्हा तो नसतो. आयसीयूतल्या मुक्कामात तयार होतो. नागपुरात नातेवाईक याला सरसकट ‘अशक्तपणा’ म्हणतात आणि ताकदीचे सलाईन मागतात. शब्द तोकडा आहे. यात स्नायूंचे तंतू खरोखर झिजतात, कित्येकदा त्यांच्याकडे जाणाऱ्या नसाही बिघडतात, आणि सलाईनने यातले काहीच भरून येत नाही.

नसांच्या या विकाराचे वर्णन चार्ल्स बोल्टन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली कॅनडात केले. त्यांचे रुग्ण मूळ आजारातून सावरत होते, पण व्हेंटिलेटरवरून सुटत नव्हते. मुख्य कारण सेप्सिस (जंतुसंसर्गाने सगळ्या शरीरावर होणारा गंभीर परिणाम) आणि एकाहून अधिक अवयव निकामी होणे. निश्चल पडून राहणे, वाढलेली रक्तशर्करा, स्टेरॉइड आणि स्नायू शिथिल करणारी औषधे त्यात भर घालतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ पहिल्या १० दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेले आढळले. श्वासपटल तर त्याहून लवकर खंगते. श्वास मशीन घेत असल्याने त्याला कामच उरत नाही, आणि १८ ते ६९ तासांतच त्याचे तंतू बारीक झाल्याचे २००८ मध्ये दिसले. मशीन काढायची वेळ येते तेव्हा नेमका हाच स्नायू कमी पडतो.

निदान खाटेशेजारीच होते, मात्र रुग्ण जागा आणि सांगितलेले समजणारा हवा. खांदा, कोपर, मनगट, नितंब, गुडघा आणि घोटा यांच्या हालचालींना दोन्ही बाजूंनी ० ते ५ गुण देतात. एकूण ६० पैकी ४८ पेक्षा कमी भरले तर हे दौर्बल्य धरतात. दृश्य चमत्कारिक असते. मुलाला पाहून रुग्ण हसतो, भुवया उंचावतो, मान्य असल्याची खूण डोळ्यांनी करतो, पण चादरीवरचा हात चादरीवरच राहतो. चेहरा बहुधा या दौर्बल्यातून वाचतो.

विदर्भात चेहरा वाचण्याची ही खूण फार उपयोगाची आहे. यवतमाळ, वर्धा, गडचिरोलीहून नागपूरच्या ‘मेडिकल’ला किंवा ‘मेयो’त, म्हणजे तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत, येऊन व्हेंटिलेटरवर जाणाऱ्यांत कीटकनाशकाच्या विषबाधेचे आणि सर्पदंशाचे रुग्णही असतात. मण्यार चावल्यावर आधी पापण्या मिटू लागतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक पोटात गेले तर १ ते ४ दिवसांनी रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही आणि श्वास पुन्हा अडतो. ही दोन्ही दुबळेपणे विषाची आहेत, ओसरणारी आहेत. पण मशीनवरचे दिवस लांबले की त्यावर आयसीयूतले हे दौर्बल्य चढते आणि घरच्यांना वाटते, विष अजून अंगात आहे.

यावर औषध नाही. सेप्सिसचा बंदोबस्त, साखरेवर लक्ष, गुंगीची औषधे कमीत कमी, रोज स्वतः श्वास घेऊन पाहण्याची चाचणी आणि फिजिओथेरपी, एवढेच हातात असते. २००९ मधील १०४ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत लवकर हालचाल सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण रुग्णालय सोडताना स्वतःची कामे करू शकत होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. पुढे २०२२ मध्ये ७५० रुग्णांच्या चाचणीत नेहमीपेक्षा जास्त जोर लावून फायदा दिसला नाही, उलट हृदयाची लय बिघडण्यासारखे अपाय वाढले. खाटेच्या कडेला बसवावे, झेपेल तेवढे उभे करावे, चढाओढ नको.

केवळ स्नायू झिजले असतील तर काही आठवड्यांत ते भरू लागतात. नस बिघडली असेल तर महिने लागतात, काहींचे पाऊल लोंबतच राहते. डिस्चार्ज कार्डावर याचा उल्लेख क्वचितच असतो. घरी गेल्यावर अडचण निघते ती उकिडवे बसण्याची: भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसता येते, उठता येत नाही. तेव्हा कुठे कमोडची खुर्ची शोधायला माणूस धावतो.