'एक्स्पीरियन्स' (1992): पार्श्वभूमी आणि त्या मांजराचा वाद

द प्रॉडिजी या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक डान्स ग्रुपचा हा पहिला अल्बम आला सप्टेंबर 1992 मध्ये, पण त्यातलं काम बरंचसं इंग्लंडच्या इसेक्समधल्या एका घरातल्या खोलीत झालंय. ग्रुपचा संगीतकार तिथे रोलँड डब्ल्यू-30 घेऊन एकटाच ट्रॅक बांधत बसायचा, सॅम्पलर (दुसरीकडचे आवाज उचलून वाजवणारा), सिक्वेन्सर (ते क्रमाने लावणारा), कीबोर्ड सगळं त्या एकाच मशीनमध्ये आणि सेव्ह करायला फ्लॉपी. त्यामुळे 'स्टुडिओ अल्बम' म्हणताना स्टुडिओ म्हणजे ही खोली, एवढं लक्षात असू द्या. ग्रुप जमला तोही रेव्हमधूनच, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या डान्स पार्ट्यांमधून. एका डान्सरने मिक्सटेप मागितली, याने कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला स्वतःचेच ट्रॅक भरून दिले, आणि ते ऐकून तो डान्सर आणि त्याचा मित्र स्टेजवर नाचायला तयार झाले.

फेब्रुवारी 1991 मध्ये पहिला ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) आला, ऑगस्टमध्ये 'चार्ली' हे सिंगल, आणि तिथून सगळा गोंधळ.

'चार्ली'मध्ये 1970च्या दशकातल्या ब्रिटिश सरकारी जाहिरातपटातलं मांजर आहे, मुलांना सावध करणारं, म्याव म्याव करत बोलणारं. सिंगल ब्रिटनच्या चार्टवर 3 नंबरला गेलं. मग लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांचे सॅम्पल घेऊन रेव्ह ट्रॅक काढायची लाटच आली, त्याला 'टॉयटाउन टेक्नो' असं नाव पडलं, आणि 1992 मध्ये एका डान्स मासिकाने सरळ विचारलं की 'चार्ली'ने रेव्ह संपवलं का. मला हा आरोप तेव्हाच्या मानानेही अन्यायाचा वाटतो. नकला दुसऱ्यांनी केल्या आणि बिल फाडलं यांच्या नावावर. त्या ट्रॅकचे तुटक ब्रेकबीट (जुन्या रेकॉर्डवरून कापून घेतलेले ड्रमचे ताल) आणि खालचा जाड बेस ऐका, त्यात बालिश काहीच नाही, पण सगळ्यांच्या लक्षात राहिलं फक्त मांजर.

म्हणून अल्बमवर काय घ्यायचं हा निर्णय महत्त्वाचा. 'चार्ली'चं चार्टवर गाजलेलं रूप, 'ॲली कॅट मिक्स', घेतलंच नाही, त्याजागी 'ट्रिप इंटू ड्रम अँड बेस व्हर्जन' टाकलं. 'ड्रम अँड बेस' हे नाव डान्स संगीताच्या एका वेगळ्या प्रकारासाठी रुळायच्या आधीची ही गोष्ट, त्यामुळे आज ते शीर्षक वाचून लोक उगाच त्या प्रकाराशी जोडतात. बाकीची सिंगल्सही बहुतेक बदलूनच घेतली. काहींना ही चाहत्यांची फसवणूक वाटते, अल्बम घेतला आणि हवं ते गाणं नाही, पण माझ्या मते यामुळेच हा सिंगल्सचा गठ्ठा न होता अल्बम झाला, 12 ट्रॅक, शेवटचा तर लाइव्ह. ब्रिटनमध्ये 12 नंबरपर्यंत गेला.

'टॉयटाउन'चा शिक्का मात्र पुसला गेला नाही. 1993 मध्ये ग्रुपने एक व्हाइट लेबल रेकॉर्ड (साध्या पांढऱ्या लेबलची, दुकानात येण्याआधी वाटतात ती) गुपचूप डीजेंकडे सोडली, त्यावर ग्रुपचं नावच नव्हतं, आणि जे डीजे यांना हात लावत नव्हते त्यांनीही ती वाजवली. नंतर तोच ट्रॅक ग्रुपच्या नावाने सिंगल म्हणून आला आणि 1994 मध्ये 1 नंबरला गेलेल्या दुसऱ्या अल्बमवरही घेतला. रेकॉर्डवर नाव छापलं होतं 'अर्थबाउंड'. ते त्या घरातल्या खोलीचं नाव.