पार्श्वभूमी : ‘खोटं’ म्हणजे काय? पाच वर्षांत बदललेली कॅथॉलिक चर्चची एक व्याख्या

‘खोटी साक्ष देऊ नको’ ही बायबलमधली आज्ञा सगळ्यांना पाठ असते. अडतं ते आजाऱ्याच्या खाटेपाशी. इ. स. ४२० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या एका बिशपने हाच प्रसंग लिहिला आहे. बाप अत्यवस्थ आहे. एकुलता एक मुलगा वारल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि तो विचारतो, मुलगा आहे ना? ‘आहे’ हे खोटं, ‘माहीत नाही’ हेही खोटं. ‘गेला’ म्हणावं आणि बाप धक्क्याने दगावला, तर लोक म्हणणार, तुम्हीच मारलंत. या प्रश्नाने आपण फार हेलावतो अशी कबुली बिशपने दिली, पण खोटं बोलायला परवानगी दिली नाही.

पश्चिमेत पुढे हीच भूमिका टिकली. अर्धं वाक्य मोठ्याने बोलायचं आणि उरलेलं मनात म्हणायचं, ही पळवाट रोमने १६७९ मध्ये धिक्कारली. त्याआधी, १६२५ मध्ये, एका डच कायदेपंडिताने वेगळी वाट काढली होती : ऐकणाऱ्याचा सत्यावर हक्क असेल तरच त्याला फसवणं खोटेपणा ठरतो. दुसऱ्या महायुद्धात, लपवलेल्या माणसांची चौकशी करायला शिपाई दारात उभे राहिले, तेव्हा या विचाराला धार आली. बर्लिनच्या तुरुंगातल्या एका लुथरन पाळकाने शाळेतल्या मुलाचं उदाहरण घेतलं. शिक्षक भर वर्गात विचारतात, तुझा बाप पिऊन येतो का? येत असतो, तरी मूल ‘नाही’ म्हणतं. पाळकाच्या मते दोष विचारणाऱ्याचा.

१९९२ मध्ये कॅथॉलिक चर्चचा नवा धर्मशिक्षणग्रंथ फ्रेंचमध्ये निघाला. त्याच्या २४८३व्या परिच्छेदात खोटं म्हणजे ‘ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे अशा माणसाला’ चुकीच्या समजुतीत पाडण्यासाठी सत्याविरुद्ध बोलणं किंवा वागणं, असं छापलं गेलं. म्हणजे डच पंडिताचाच विचार. १९९७ च्या अधिकृत लॅटिन पाठातून हक्काचे शब्द गेले. उरलं ते एवढंच : कुणालाही चुकीच्या समजुतीत पाडण्यासाठी.

युद्धात माणसं वाचवणाऱ्यांना यामुळे दोषी ठरवलं, असं काहींना वाटलं. ती वेदना खरी आहे. तरीही माझ्या मते शब्द गाळले ते बरं झालं. समोरच्याचा हक्क ठरवणार कोण? बोलणाराच. नवऱ्यापासून कर्ज लपवणारी बायको, आईला आजार न सांगणारी मुलं, सगळेच ‘त्यांना कळायची गरज नाही’ म्हणतात. शिवाय २४८९वा परिच्छेद तसाच आहे : हक्क नसलेल्याला सत्य सांगायला कुणी बांधलेला नाही. गप्प राहता येतं, जपून बोलता येतं. हक्काचा विचार गेला नाही, तो मौनाच्या बाजूला सरकला.

प्रीतीने सत्य बोला, हे बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं वाक्य (४:१५) या वादात हमखास येतं. मूळ ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे आणि त्यात ‘बोलणं’ वेगळं नाही. लॅटिनमध्ये ते ‘सत्य करणं’ झालं, इंग्रजीत ‘बोलणं’ आलं. आपल्या मराठी बायबलमधलं ‘सत्याला धरून’ मला मुळाच्या जास्त जवळचं वाटतं. त्यात वागणंही येतं.

धर्मशिक्षणग्रंथाच्या १९९४ च्या इंग्रजी भाषांतरात जुनीच व्याख्या आहे आणि त्या प्रती अजून अनेक घरांत आहेत. म्हणून २४८३ वाचून दाखवणाऱ्या दोघांचे शब्द जुळत नाहीत, तेव्हा आधी आवृत्तीचं साल बघावं.