टॉप-अप की सुपर टॉप-अप? फरक कळतो तो दुसऱ्या ॲडमिशनला

पाच लाखांचा आरोग्य विमा मोठ्या आजाराला पुरत नाही, हे मिरजेच्या एखाद्या हॉस्पिटलात बायपासचं किंवा कॅन्सरचं बिल पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मग एजंट सुचवतो, मूळ पॉलिसी राहू द्या, वरून वीस लाखांचं टॉप-अप घ्या, हप्ता कमी बसेल. सल्ला चुकीचा नाही. पण टॉप-अप आणि सुपर टॉप-अप या दोन वेगळ्या पॉलिसी आहेत. बोलताना दोन्हींना टॉप-अपच म्हटलं जातं आणि हातात नेमकी कुठली पडली, हे पुष्कळदा दावा नाकारल्यावर कळतं.

दोन्हींत डिडक्टिबल नावाची एक रक्कम ठरलेली असते. तेवढा खर्च आधी दुसरीकडून भागायचा, त्यावरचा ही पॉलिसी देणार. तो मूळ पॉलिसीतून भागला काय किंवा खिशातून भरला काय, चालतं. टॉप-अपमध्ये हे डिडक्टिबल प्रत्येक दाव्याला नव्याने लागतं. सुपर टॉप-अपमध्ये पॉलिसी वर्षातल्या सगळ्या दाव्यांची बेरीज धरून एकदाच लागतं.

तासगावच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराचं उदाहरण घेऊ. मूळ पॉलिसी 5 लाखांची, वरच्या पॉलिसीचं डिडक्टिबलही 5 लाख. जूनमध्ये अँजिओप्लास्टी झाली, बिल 4 लाख. त्याच पॉलिसी वर्षात डिसेंबरमध्ये मोटारसायकल घसरून मांडीचं हाड मोडलं, बिल 3 लाख. मूळ पॉलिसी पहिल्या वेळी 4 लाख देईल आणि दुसऱ्या वेळी उरलेला 1 लाख. राहिले 2 लाख. टॉप-अप असेल तर कंपनी एक रुपयाही देणार नाही, कारण दोन्हींपैकी एकही बिल एकट्याने 5 लाखांच्या वर गेलेलं नाही. सुपर टॉप-अप असेल तर 4 आणि 3 मिळून 7 लाख, वजा 5, म्हणजे ते 2 लाख पूर्ण मिळतात.

तेच एकच बिल 8 लाखांचं आलं असतं, तर टॉप-अप असो की सुपर टॉप-अप, 3 लाखच मिळाले असते. म्हणून एका मोठ्या ऑपरेशनचा हिशेब मांडून तुलना केली की दोन्ही सारख्याच वाटतात. आजार मात्र तसे येत नाहीत. केमोथेरपी आणि डायलिसिस हे तर वर्षभर तुकड्यातुकड्यांनी होणारे खर्च. एकेक बिल हजारांत, बेरीज लाखांत. काही टॉप-अपमध्ये तोच आजार 45 दिवसांच्या आत उलटला तर दोन्ही ॲडमिशन एकच दावा धरतात, पण त्या मुदतीपलीकडे किंवा वेगळ्या आजाराला ही सवलत नाही. हप्त्यातला फरक सहसा थोडाच असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. तेव्हा आमचं स्पष्ट मत, घ्यायचं तर सुपर टॉप-अपच.

पॉलिसी हाती आली की नावावर जाऊ नका. शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीतल्या तपशिलाच्या तक्त्यात, डिडक्टिबलची ओळ शोधा. तिथे 'ॲग्रीगेट' लिहिलं असेल तर सुपर टॉप-अप, 'पर क्लेम' असेल तर साधं टॉप-अप. चुकीची आली असेल तर हाती पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.

सुपर टॉप-अप घेतलं की सगळं सुरळीत, असंही नाही. सर्वांत जास्त फसगत तारखांची होते. समजा मूळ पॉलिसी 1 एप्रिलला सुरू होते आणि सुपर टॉप-अप 1 ऑक्टोबरला. जुलैमध्ये 4 लाखांचं आणि नोव्हेंबरमध्ये 3 लाखांचं बिल आलं. मूळ पॉलिसीच्या दृष्टीने वर्ष एकच, त्यामुळे ती संपली. सुपर टॉप-अपच्या दृष्टीने ही दोन वेगळी वर्षं, त्यामुळे बेरीजच होत नाही आणि 2 लाख खिशातून जातात. म्हणून दोन्ही पॉलिसींची सुरुवात एकाच तारखेला येईल असं बघा. साखर कारखान्याची किंवा बँकेची ग्रुप पॉलिसी हाच तुमचा पाया असेल, तर तिच्या नूतनीकरणाची तारीख एचआरकडून आधी विचारून घ्या. नोकरी सुटली की तो पाया जातो, डिडक्टिबल मात्र तसंच राहतं, हेही धरून चाला.

दुसरी विसंगती वैयक्तिक आणि फ्लोटर (घरातल्या सगळ्यांत मिळून एकच रक्कम) यांची. मूळ पॉलिसी नवरा-बायको दोघांत मिळून 5 लाखांची, आणि सुपर टॉप-अप दोघांचं वेगवेगळं. नवऱ्याचं बिल 3 लाख, बायकोचं 4 लाख. पाया संपला, तरी एकट्याची बेरीज कुणाचीच 5 लाखांपर्यंत पोचली नाही. खाली फ्लोटर असेल तर वरही फ्लोटर, खाली वैयक्तिक असेल तर वरही वैयक्तिक.

वेटिंग पिरियड, म्हणजे दावा मिळत नाही ती सुरुवातीची मुदत, वरच्या पॉलिसीला स्वतंत्र लागतो. अपघात सोडून पहिले 30 दिवस काही नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त 3 वर्षं. मूळ पॉलिसी दहा वर्षं जुनी असली तरी यात सूट मिळेल असं गृहीत धरू नका. मधुमेह, रक्तदाब फॉर्ममध्ये पुन्हा लिहा.

शेवटी कागद. सुपर टॉप-अपला बेरीज सिद्ध करून दाखवावी लागते, आणि पहिल्या ॲडमिशनचे कागद नेमके तेव्हा घरात सापडत नाहीत. कॅशलेस झालं, म्हणजे कंपनीनेच हॉस्पिटलला पैसे भरले, की मूळ बिलं पहिल्या कंपनीकडे जातात. म्हणून डिस्चार्जच्या वेळी बिलिंग काउंटरवरून तपशीलवार बिल, पावत्या, डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्टच्या हॉस्पिटलचा शिक्का मारलेल्या प्रती घ्या. नंतर पहिल्या कंपनीकडून सेटलमेंट लेटर मागवा. किती मंजूर झालं, किती कापलं आणि का, हे त्यात असतं. कापलेली रक्कम, उदाहरणार्थ ग्लोव्हज किंवा रजिस्ट्रेशन फी, वरच्या कंपनीच्या अटींतही बसत नसेल तर बेरजेत धरली जात नाही. बिल 5 लाखांच्या खाली असलं तरी ॲडमिट होतानाच दोन्ही कंपन्यांना कळवून ठेवा आणि दोन्हींचे क्लेम नंबर त्याच फाइलवर लिहा.