महदाइसा

महदाइसा (तेरावे शतक) : महानुभाव पंथातील विदुषी आणि मराठीतील पहिली ज्ञात कवयित्री. महदंबा, रूपाइसा या नावांनीही उल्लेख आढळतो. पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर यांची शिष्या, पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांची चुलत बहीण. तिची मुख्य रचना ‘धवळे’ (विवाहगीते) ही रिद्धपूर (ता. मोर्शी, जि. अमरावती) येथे झाली.

घराणे गोदावरीकाठचे, वेदविद्येची परंपरा असलेले. यादव दरबारी मान असलेले वामनाचार्य हे या घराण्याचे पूर्वज मानले जातात. त्यांच्या पत्नीचे नावही महदाइसाच होते. तिने राजसभेत एका पंडिताला वादात हरवल्याची कथा पंथात सांगितली जाते. कथेला समकालीन आधार नसला, तरी घरातील स्त्रियांच्या विद्वत्तेची आठवण पंथाने जपून ठेवली, एवढे तीवरून निश्चित म्हणता येते. दोघींची नावे एकच असल्याने आजीपणजीच्या पिढीतील प्रसंग कवयित्रीच्या चरित्रात शिरण्याचा धोका असतो. वंशकथा वाचताना पिढी आधी ठरवून घ्यावी.

महदाइसेला लहानपणीच वैधव्य आले. आधी रामदेव दादोस हे तिचे गुरू होते. त्यांच्यामार्फतच ती आणि तिचे अनेक आप्त चक्रधरांपर्यंत पोहोचले. चक्रधरांच्या आठवणींच्या (लीळांच्या) ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात ती सतत प्रश्न विचारताना दिसते. अनेक लीळांना तिच्याच पृच्छेने तोंड फुटते आणि चक्रधरांचे निरूपण त्या प्रश्नाच्या अंगाने पुढे जाते. चक्रधरांनी तिला ‘जिज्ञासक’ आणि ‘चर्चक’ म्हणून गौरविले आहे. तिच्या विद्वत्तेचा सर्वांत भक्कम पुरावा काव्यापेक्षा या पृच्छांत आहे, असे येथे नोंदवावेसे वाटते. पहिली कवयित्री म्हणून होणाऱ्या गौरवात तो बहुधा मागे पडतो. पंथातील ग्रंथकार केशवराजसूरी संस्कृतात ग्रंथ लिहू पाहत होते, तेव्हा त्यामुळे पंथातील आपल्या म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानाला मुकतील, असे सांगून नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. त्या म्हाताऱ्यांत कोण अभिप्रेत असावे, हे महदाइसेच्या पृच्छा वाचल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

चक्रधरांचे उत्तरापंथे गमन (उत्तरेकडे कायमचे निघून जाणे) १२७२ किंवा १२७४ मध्ये झाले असे मानतात. त्यानंतर नागदेवाचार्य व इतर शिष्य रिद्धपुरी चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू (गुंडम राऊळ) यांच्या सान्निध्यात राहू लागले. त्यांत महदाइसाही होती. गोविंदप्रभूंना विवाहाची प्रवृत्ती झाली, शिष्यांनी तशी तयारी केली आणि त्या प्रसंगी महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गीते उत्स्फूर्तपणे गायिली, अशी धवळ्यांची जन्मकथा आहे. हा धवळ्यांचा पूर्वार्ध; उत्तरार्ध पुढे पंथीयांच्या आग्रहावरून रचला गेला. गोविंदप्रभूंच्या देहावसानासाठी शके १२०८ ते १२१० अशी वर्षे सुचविली गेली आहेत. पूर्वार्ध त्यांच्यासमोर गायिला गेला हे मान्य केले, तर तो १२८८ नंतरचा असू शकत नाही. म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’च्या (१२९०) आधीचा आणि मुक्ताबाईच्या अभंगांपेक्षाही जुना. मात्र उत्तरार्धाला ही मर्यादा लागू होत नाही. दोन्ही भागांना मिळून एकच वर्ष देण्याची पद्धत टाळलेली बरी.

धवळा हा प्रकार महदाइसेने निर्माण केलेला नाही. विवाहात वराला उद्देशून गायिल्या जाणाऱ्या मंगलगीताचे ते नाव आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त धवल हा प्रबंध (गीतप्रकार) सांगितला असून चरणांच्या संख्येवरून त्याचे तीन प्रकार केले आहेत : चार चरणांचा कीर्तिधवल, सहांचा विजयधवल, आठांचा विक्रमधवल. लोकरीतीप्रमाणे गाण्याची मोकळीकही तेथे आहे. महदाइसेचे धवळे या मोकळ्या अंगाचे दिसतात. चरणांतील अक्षरसंख्या सैल, चरणान्ती यमक, आणि कमी पडणारी मात्रा गाताना स्वर लांबवून भरून काढायची, असा त्यांचा घाट ओवीला जवळचा आहे. छंदःशास्त्राच्या मापाने ते मोजू गेल्यास जागोजाग दोष दिसतात. पण ते दोष रचनेचे नसून मापाचे आहेत. शास्त्रोक्त प्रबंधाशी त्यांचे नाते जोडण्यापेक्षा स्त्रियांच्या लग्नगीतांशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते.

कथावस्तूला प्रदेशाचा आधार आहे. रुक्मिणीचे माहेर कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर (ता. तिवसा) असे परंपरा मानते, तेही अमरावती जिल्ह्यातच आहे. रिद्धपूरच्या श्रोत्यांना ही आपल्याच मुलखातल्या लेकीची गोष्ट होती.

धवळ्यांची संख्या सामान्यतः १४८ दिली जाते. हस्तलिखितांत ती कमीजास्त होते. पोथ्या बव्हंशी सकळ लिपीत आहेत. या लिपीत एका अक्षराऐवजी ठरलेले दुसरे अक्षर लिहितात. तिची उकल वि. का. राजवाडे यांनी १९१० च्या सुमारास केली. उलगडा करतानाची फसगत ठराविक असते. शब्द न तोडता सलग लिहिलेले असतात, त्यामुळे शब्द चुकीच्या जागी तुटतो. ‘ख’च्या जागी ‘ष’ येतो. आणि एक अक्षर चुकीचे उकलले की यमक मोडते. यमक मोडलेले दिसले की पाठ पुन्हा तपासावा, ही संपादनातील उपयुक्त खूण आहे. मूळ संहिता परचक्रात (परकीय आक्रमणात) गमावल्यावर ‘लीळाचरित्र’ पाठांतरावरून पुन्हा सिद्ध करावे लागले; त्यात हिराइसा या स्त्रीच्या पाठाला पंथात मोठे प्रामाण्य आहे. महदाइसेच्या पृच्छांचे पाठभेद पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ आणि ‘गर्भकांड ओव्या’ या रचनाही तिच्या नावावर आहेत. मातृकीत वर्णमालेच्या क्रमाने पद्ये येतात. तिच्या उत्तरायुष्याविषयीचे त्रोटक उल्लेख ‘स्मृतिस्थळ’ या नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या ग्रंथात मिळतात.

विदर्भातील महानुभाव संशोधनात यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि वि. भि. कोलते यांचे काम पायाभूत आहे. रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे.