लझान्या : प्रादेशिक प्रकार व पसंतीभेद

लझान्या : कणकेच्या रुंद, पातळ पट्ट्या उकडून, मांसाचा रस्सा, चीज इत्यादींसह त्यांचे थर भांड्यात रचून भट्टीत भाजलेला इटालियन पदार्थ. ‘लझान्या’ हे एका पट्टीचे नाव. सबंध पदार्थाला उत्तर इटलीत बहुधा ‘लझान्ये’ हे अनेकवचन, तर दक्षिणेत एकवचनच रूढ आहे.

शब्दाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार त्याचे मूळ ग्रीक ‘लागानोन’, लॅटिन ‘लागानुम’ (पिठाची पातळ पोळी) यात आहे. इ. स. पू. पहिल्या शतकात रोमन कवी होरेसने लीक (कांद्याच्या कुळातील भाजी), हरभरे व लागानुम हे आपले साधे रात्रीचे जेवण म्हणून सांगितले आहे, आणि आपिसिउस या रोमन खवय्याच्या नावावर असलेल्या पाकसंग्रहात या पोळ्यांमध्ये मांस व मासे यांचे थर भरण्याची कृती आढळते. दुसरे मत ‘लासानुम’ या भांडेवाचक शब्दाकडे बोट दाखवते. ध्वनिसाम्य या मताला अनुकूल असले, तरी मध्ययुगीन लेखनात लझान्या हा शब्द भांड्याला नव्हे, पिठाच्या पट्टीलाच लावलेला दिसतो. त्यामुळे अर्थाच्या दृष्टीने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र रोमन लागानुम पाण्यात उकडत असत असे त्यावरून मानता येत नाही. उकडलेल्या पट्ट्या चीज व मसाल्याची पूड घालून थरांत रचण्याची स्पष्ट कृती ‘लिबेर दे कोक्विना’ या, साधारणपणे 1300 च्या आसपासच्या व नेपल्सच्या दरबाराशी जोडल्या जाणाऱ्या लॅटिन पाकग्रंथात मिळते. तीत टोमॅटो अर्थातच नाही, कारण ते फळ युरोपात सोळाव्या शतकात पोहोचले. इंग्लंडमधील ‘लोझिन्स’ या अशाच थरांच्या पदार्थाची कृती सुमारे 1390 ची असल्याने, लझान्या मूळचा इंग्लंडचा हा अधूनमधून केला जाणारा दावा टिकत नाही.

आजचा मुख्य पसंतीभेद उत्तरेकडील बोलोन्या व दक्षिणेकडील नेपल्स या शहरांच्या दोन परंपरांमधला आहे. बोलोन्यात मऊ गव्हाचे पीठ अंड्यात मळतात व त्यात पालक घालून पट्ट्या हिरव्या करतात. थरांत खिम्याचा घट्ट रागू (मांसाचा रस्सा), बेशामेल (लोणी, मैदा व दूध यांचा पांढरा सॉस) आणि पार्मिजानो चीज असते. या प्रकाराची कृती इटालियन पाककला अकादमीने 2003 मध्ये बोलोन्याच्या वाणिज्य मंडळात नोंदवली. नेपल्सची लझान्या ही कार्निव्हलची. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपासकाळात मांस व अंडी वर्ज्य असत, म्हणून त्याआधीच्या या मेजवानीत मांसाचे लहान गोळे, सॉसेज, उकडलेली अंडी, मोझरेला किंवा प्रोव्होला चीज आणि रिकोत्ता (मऊ, ताजे चीज) हे सारे एकाच भांड्यात येते. पट्ट्या येथे कठीण (ड्यूरम) गव्हाच्या रव्याच्या असतात. महाराष्ट्रातील बन्सी गहू याच जातीचा.

बेशामेल की रिकोत्ता, हा वाद बहुधा निव्वळ चवीचा म्हणून मांडला जातो. तो थोडा खोलवर पाहण्याजोगा आहे. बोलोन्याच्या रागूत खिमा रश्श्यातच राहतो व मिश्रण दाट होते, म्हणून त्याला सैल करणारा, ओलावा देणारा सॉस लागतो. नेपल्सच्या रागूत मांसाचे मोठे तुकडे टोमॅटोत तासन्‌तास मंद शिजवून बाहेर काढतात. उरलेला पातळ रस्सा रिकोत्ता धरून ठेवते. उत्तरेतील पो नदीच्या खोऱ्यातील दूध-लोण्याची विपुलता आणि दक्षिणेतील कोरड्या हवेत पिकणारा कठीण गहू यांचाही यात वाटा आहे. म्हणून एका प्रकाराला अस्सल व दुसऱ्याला बिघडलेला ठरवणे योग्य नाही.

मध्य इटलीच्या मार्के प्रांतातील ‘विन्चिस्ग्रास्सी’ याच कुळातला असून त्यात कोंबडीचे काळीज व इतर अंतर्भागही घालतात. त्याच प्रांतातील आन्कोना शहराच्या 1799 च्या वेढ्यातील विंडिशग्रेट्स या ऑस्ट्रियन सेनानीवरून हे नाव पडल्याची आख्यायिका लोकप्रिय आहे. परंतु तेथीलच माचेराता शहराचा स्वयंपाकी आन्तोनियो नेब्बिया याच्या, त्या वेढ्याच्या सुमारे वीस वर्षे आधीच्या पाकग्रंथात ‘प्रिन्चिस्ग्रास’ या नावाची कृती असल्याने नाव त्याहून जुने मानावे लागते. निदान आख्यायिका आहे त्या रूपात स्वीकारता येत नाही.

वायव्य इटलीतील जेनोवात पातळ पट्ट्यांना पेस्तो (तुळशीच्या जातीच्या बेसिलच्या पानांचा सॉस) लावतात व पुष्कळदा त्या भाजतही नाहीत. अमेरिकेत मात्र रिकोत्ता व मोझरेलाचा प्रकारच घरोघरी पसरला, कारण तेथे गेलेले बहुसंख्य इटालियन स्थलांतरित दक्षिणेकडचे होते.